बोकडाच्या मेंदूत नसलेली जागा

बाई, तुमच्या हातांना वास यायचा. वर लाल साबणाचा, त्याखाली फॉर्मलीनचा आणि त्याच्याही खाली कसला तरी गोडसर, कुबट, कितीही धुतलं तरी न जाणारा. तुम्ही बाकांमधून फिरत यायचात, वाकून आकृतीतली चूक बोटाने दाखवायचात आणि मी तेवढा वेळ श्वास रोखून धरायचे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा मला जुळवावा लागतो. जाड भिंगांचा चष्मा आठवतो, मानेवरचा घट्ट अंबाडा आठवतो, सुती साडीचा पदर कमरेला खोचायची सवय आठवते, पण त्यांचा मिळून चेहरा काही होत नाही. वास मात्र अख्खा येतो. माणसं गेलेल्या शिक्षकांना लिहितात तेव्हा काहीतरी छान छान लिहितात. मला तुमच्याविषयी लिहायचं तर किळसवाण्या गोष्टींविषयीच लिहावं लागेल, कारण आपल्या दोघींमध्ये जे काही घडलं त्यात दुसरं काही नव्हतंच.

घाटकोपरच्या आमच्या मराठी शाळेला जोडूनच ज्युनियर कॉलेज निघालं होतं. म्हणून बायोलॉजी शिकवणाऱ्या तुम्हाला मॅडम न म्हणता आम्ही बाईच म्हणत राहिलो. तुम्ही मुलुंडहून यायचात, एकट्या राहायचात, शुद्ध शाकाहारी होतात आणि बेडूक असा सफाईने उघडायचात की मागच्या बाकावरची मुलं तुम्हाला ‘कसाईण’ म्हणायची. तुम्हाला ते ठाऊक होतं. एकदा फळ्याकडे तोंड करूनच तुम्ही म्हणालात, ‘कसाई मांस विकतो रे, मी आकृती काढून घेते. पुढे काढा.’ मी तेव्हा हसले होते. बेडकाची मला किळस येत नसे. आम्ही मालवणकडचे, घरात मासे साफ करताना माझं बालपण गेलेलं. कल्ले, आतडी, खवले यांना किळस म्हणायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. किळस काय असते ते मला बारावीच्या वर्षी, आमच्या घरातच कळलं.

त्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी बाबा दाढी करताना खाली बसले. हातातला वस्तरा पडला, अर्ध्या गालावर फेस तसाच आणि तोंड एका बाजूला ओघळलेलं. बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. अतिशय मवाळ माणूस. चाळीत नळावर भांडण लागलं की स्वतःची बादली उचलून मागे सरकणारे. मला त्यांनी कधी ‘गाढव’ म्हटलेलंही आठवत नाही. म्युनिसिपालिटीच्या इस्पितळातून त्यांना घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला होता आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, ‘पॅरालिसिस आहे, मालिश करा, बोलणं येईल तसं येईल.’ एवढंच. पुढे कुणी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. घरी आल्यावर आईने पहिल्यांदा त्यांना वाटीतून पेज भरवली. त्यांनी ती गिळली, आईकडे पाहिलं, ओठ जुळवले आणि एक शिवी दिली.

ती शिवी मी इथे लिहीत नाही, तुम्ही ती ऐकलेली आहे. आईवरून दिलेली, रस्त्यावरची, घाण शिवी. बाकी एक शब्द फुटत नव्हता, पण ही शिवी काचेसारखी स्वच्छ. पाणी हवं असलं की तीच. कूस बदलायची असली की तीच. देवासमोर दिवा लावला की हात कपाळाकडे नेत तीच. आई दचकली, मग रडली, मग गप्प झाली. दोन खोल्यांचं घर, गॅलरीकडे उघडणारी खिडकी. सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. शेजारच्या पोरांना तर खेळच मिळाला. खिडकीच्या गजांना लोंबकळून विचारायची, ‘काका, किती वाजले?’ बाबा बिचारे मान वळवून उत्तर द्यायला जायचे, शिवी बाहेर पडायची आणि पोरं खिदळत पळायची. मोठी माणसं त्यांना रागवायची, पण आधी थोडी हसून घ्यायची. ते हसू मला आजही ओकारी आणतं.

आणि घरातलं मी काय सांगू. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सतत लाळ. उशीच्या अभ्र्याला आंबूस वास. बेडपॅन. पेजेची शितं हनुवटीवर वाळून चिकटलेली, ती ओल्या फडक्याने पुसताना त्यांचा डोळा माझ्यावर लागलेला असायचा आणि मी तिसरीकडे बघायचे. आई तर सगळं तोंड भिंतीकडे करून करायची. हात त्यांच्या अंगावर, तोंड भिंतीकडे. माझे काका जोगेश्वरीला राहायचे, गिरणी संपापासून घरीच होते. ते येऊन बसले की म्हणायचे, ‘मनात होता ताच आता तोंडार येता.’ म्हणजे बाबांनी मवाळपणाचं सोंग केलं होतं आणि खरा माणूस हा असा होता. आईला ते पटलं. हेच मला सगळ्यात भयंकर वाटायचं. ती एकदा तांदूळ निवडताना माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘इतकी वर्सां पोटात ठेवल्यानी. आता भायर येता.’ त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलायची थांबली. सेवेत काही कमी केलं नाही, फक्त बोलायची थांबली.

काका वाईट नव्हते, बाई. भावाचं बघवत नव्हतं त्यांना. त्यांनी कुणीतरी डाग देणारा शोधून काढला आणि एका दुपारी घेऊन आले. लोखंडी सळई आमच्याच स्टोव्हवर तापवली. काकांनी बाबांचं डोकं छातीशी धरलं होतं आणि ते स्वतः रडत होते. त्या माणसाने कानामागे डाग दिला. आधी केस जळल्याचा, मग कातडी जळल्याचा वास आला, रॉकेलच्या वासात मिसळून. बाबा एकामागून एक तीच शिवी ओरडत राहिले आणि तो माणूस शांतपणे म्हणाला, ‘बघा, आतलं कसं बोलतंय. पुढच्या अवसेला येतो. जिभेवर द्यायला लागणार.’ आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने नाही म्हटलं नाही. संध्याकाळी तिने त्याच स्टोव्हवर भात लावला. मी जेवले नाही. ती म्हणाली, ‘जेव गो,’ आणि तीही जेवली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तुमचं ते प्रॅक्टिकल.

मेंदू आमच्या अभ्यासक्रमात फक्त आकृतीत होता. कापायचा नव्हता. पण तुमचं म्हणणं, ज्याच्या जोरावर तुम्ही अभ्यास करता ते एकदा डोळ्यांनी बघा तरी. तुम्ही बोकडाचा एक जुना मेंदू बरणीत फॉर्मलीनमध्ये घालून ठेवलेला होता, राखाडी आणि उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट. आणि त्या दिवशी मटणवाल्याकडून बोकडाचं एक ताजं डोकं आणलं होतंत, कातडी सोललेलं. डोळे तसेच. पापण्या मात्र कशा कोण जाणे राहिल्या होत्या, लांब आणि पांढरट, आणि त्या पापण्यांमुळे ते डोकं कुणाचं तरी वाटत होतं. मुलं म्हणाली, ‘बाई, भेजा फ्राय ना?’ तुम्ही लक्ष दिलं नाहीत. लोखंड कापायची छोटी करवत घेतलीत, एका मुलाला शिंगं धरायला सांगितलीत आणि कवटी कापायला सुरुवात केलीत.

मी पहिल्या रांगेत आहे. करवत चालते तसा हाडाचा पांढरा भुगा ट्रेमध्ये पडतो. घर्षणाने हाड तापतं आणि त्याचा वास सुटतो. जळल्याचा. तोच. कानामागचा. मी ओढणी नाकाला लावते. तुम्ही करवत थांबवता आणि सगळ्या वर्गासमोर म्हणता, ‘नाक सोड. इथे तुझं नाही कापत मी. मासे खाणारी ना तू? नाटकं कशाला?’ वर्ग हसतो. मी ओढणी खाली घेते आणि तुम्ही पुन्हा करवत लावता.

करवत चालवता चालवताच तुम्ही बोलत होतात. इजिप्तमध्ये मढी टिकवायचे तेव्हा नाकातून आकडा घालून मेंदू ओढून काढायचे आणि फेकून द्यायचे, हृदय मात्र जपून ठेवायचे, कारण माणूस हृदयात असतो असं त्यांना वाटायचं. पुढे ग्रीसमधला एक फार मोठा विद्वान म्हणाला की मेंदूचं काम रक्त थंड ठेवणं. मग रोममध्ये एक वैद्य आला. त्याने भर लोकांसमोर एक जिवंत डुक्कर बांधलं, मानेतली एक बारीक नस कापली आणि किंचाळणारं डुक्कर एकदम गप्प झालं. श्वास चालू, धडपड चालू, आवाज नाही. आवाजाची सूत्रं हृदयातून नाही, मेंदूतून हलतात, हे असं सिद्ध झालं. लोक थक्क झाले. माझ्या मैत्रिणीने विचारलं, ‘बाई, हे सांगायलाच पाहिजे का?’ तुम्ही म्हणालात, ‘गाळून सांगता येईल. मग तुम्हाला वाटेल हे ज्ञान कुठेतरी स्वच्छ टेबलावर मिळालं. ते असंच मिळालंय. लाज वाटली तर वाटू दे, पण माहीत असू दे.’

कवटीची झाकणी निघाली. ताजा मेंदू गुलाबी, खरवसासारखा लिबलिबीत, त्यावर लाल नसांची जाळी. तुम्ही खालून नसा कापत तो उचलून बशीत ठेवलात आणि रिकाम्या कवटीच्या तळाशी चिमट्याने दाखवलंत. मधोमध वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, ओला, काळपट लाल. ‘हे बघा. हे त्या रोमच्या वैद्याने पाहिलं. गुराढोरांत, बकऱ्यांत असतं. त्याला वाटलं, इथेच रक्तातून प्राण तयार होतो, आणि त्याने लिहून टाकलं की माणसातही हे असतं. माणूस त्याने कापला नव्हता. कापायची बंदी होती. आणि मग हजार वर्षांहून जास्त काळ लोक ते जाळं माणसात आहे म्हणून शिकत राहिले.’ कुणीतरी विचारलं, नंतर माणसं कापली तेव्हा दिसलं नाही का? तुम्ही हसलात. म्हणालात, ‘प्रोफेसर उंच खुर्चीवर बसून पुस्तक वाचायचा. खाली न्हावी प्रेत कापायचा. प्रोफेसर म्हणाला इथे जाळं आहे, की सगळे माना डोलवायचे. शेवटी एक तरुण खुर्चीवरून खाली उतरला आणि स्वतः कापायला लागला. तोसुद्धा आधी काही वर्षं मेंढीचं डोकं शेजारी ठेवायचा, पोरांना जाळं दाखवायला. माणसात सापडेना ना! त्याने ते नंतर स्वतःच कबूल केलं, म्हणून तो मोठा.’

हे सगळं मी ऐकलं, बाई, आणि आठवणीतही ठेवलं, पण त्या क्षणी माझं लक्ष त्या पापण्यांवर होतं. तुम्ही दुसऱ्या बाजूचं हाड कापायला पुन्हा करवत घेतलीत. वास आला. मी उठले आणि व्हरांड्यातल्या बेसिनपर्यंत पोचायच्या आत ओकले.

तुम्ही माझ्यामागे आलात. मला वाटलं आता पुन्हा ओरडा. तुम्ही नळ सोडलात, माझ्या मानेवर ओला हात ठेवलात (तोच वास) आणि माझ्या शेजारी उभ्या राहून, वर्गाकडे पाठ करून, तुम्हीही दोनदा कोरड्या उमाशाने वाकलात. मी चकित होऊन बघत राहिले. पदराने तोंड पुसत तुम्ही म्हणालात, ‘मलाही येते गं. दर वेळी. ज्याला येत नाही त्याच्या हातात मी करवत देणार नाही. पण तू मासेवाली, तुला काय झालं? खरं सांग.’

आणि मी सांगितलं. शिवी, खिडकीतली पोरं, आईचं भिंतीकडे फिरवलेलं तोंड, सळई, वास. पुढची अवस. जीभ. मी शिवीचा शब्द उच्चारला नाही, तुम्ही म्हणालात, ‘कोणती ते सांग, त्याने फरक पडतो.’ मी सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या तोंडातून निघाली, ती एका शिक्षिकेसमोर. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

‘फ्रान्समध्ये एक माणूस होता,’ तुम्ही म्हणालात. ‘वर्षानुवर्षं इस्पितळात पडून. काही विचारलं तर एकच अक्षर दोनदा म्हणायचा. लोकांनी त्याचं नावच ते ठेवलं होतं. त्याला समजायचं सगळं. आणि फार चिडला की एक शिवी मात्र पूर्ण यायची, स्पष्ट. तो मेल्यावर डॉक्टरने त्याचा मेंदू काढला. डाव्या बाजूला पुढे सडून खड्डा पडला होता. बोलण्याची जागा तिथे असते हे जगाला तेव्हा कळलं. शिव्या, मोजणी, पाठ केलेलं, हे वेगळ्या वाटेने येतं, ते शाबूत राहू शकतं.’

मी म्हटलं, ‘म्हणजे डॉक्टर तो मरायची वाट बघत होते?’

‘बहुतेक हो,’ तुम्ही म्हणालात. ‘घाणेरडं आहे ना? पण त्याचं डोकं उघडलं गेलं म्हणून तुझ्या वडिलांचं उघडायची गरज नाही. रविवारी मी तुझ्या घरी येते.’

मी नको नको म्हणत होते. आमच्या घरात तुम्ही यावं, तो वास घ्यावा, ती शिवी खावी, हे मला सहन होणार नव्हतं. तुम्ही आलात. हातात कापडी पिशवी, पिशवीत बरणी. गॅलरीतून येताना पोरं मागे लागली होती, त्यातल्या एकाचा कान तुम्ही न बोलता पिळलात. आईने तुम्हाला खुर्ची दिली, चहा ठेवला. बाबा कॉटवर टेकून बसलेले. तुम्ही त्यांना नमस्कार केलात आणि बाबांनी डावा हात छातीशी नेत तुम्हाला शिवी दिली. आईने डोळे मिटले. तुम्ही म्हणालात, ‘नमस्कार, नमस्कार. बसा.’

मग तुम्ही बरणी काढून आमच्या ओट्यावर ठेवलीत. आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘ह्यां माका म्हायत असा. रांधतंव आमी. कांदो-खोबऱ्यात बरां लागता.’ बाई, कवटी कापणाऱ्या तुमचा चेहरा त्या एका वाक्याने पांढरा पडला. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मला हसू आलं, त्या घरात कित्येक दिवसांत पहिल्यांदा. पण तुम्ही सावरलात. बोट फिरवून दाखवलंत, हा उजवा भाग, हा डावा, डावा भाग उजवं अंग चालवतो. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आनि बोलूचा खंय?’

तुमचं बोट बरणीवर थांबलं. मला वाटलं तुम्ही कुठेतरी बोट ठेवाल. कुठेही ठेवलं असतंत तरी आईला काय कळणार होतं? तुम्ही म्हणालात, ‘इथे नाही. हे बोकडाचं आहे. बोकड बोलत नाही, त्याच्यात ती जागा नाही. माणसाचा मेंदू मी स्वतः कधी हातात घेतलेला नाही. मी वाचलेलं सांगते आहे.’ मी मनात म्हटलं, संपलं. आईने बरणी बाजूला सारली. मग ती म्हणाली, ‘माका एकच सांगा. हो माणूस माका गाळी घालता काय नाय?’

तुम्ही उठलात आणि कॉटजवळ स्टूल ओढून बसलात, अगदी समोर, लाळ उडेल इतक्या जवळ. म्हणालात, ‘एक, दोन...’ आणि थांबलात. बाबांचे ओठ हलले. ‘तीन,’ ते म्हणाले. ‘चार, पाच, सहा, सात.’ स्पष्ट. स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजताना म्हणायचे तसं, लयीत. आईच्या हातातली गाळणी पडली. ते मोजत गेले, थांबवता येईना त्यांना, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आकडे चालूच. तुम्ही त्यांच्या हातावर हात ठेवलात तेव्हा थांबले. मग तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून विचारलंत, ‘ही कोण? हिचं नाव काय?’ बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत माझं नाव होतं, मी शपथेवर सांगते. ओठ जुळले आणि शिवी आली.

‘आता त्यांच्याकडे बघा,’ तुम्ही आईला एवढ्या जोरात म्हणालात की ती दचकली. ‘भिंतीकडे नाही. शब्द निघून गेल्यावरचं तोंड बघा.’

आईने पाहिलं. मीही पाहिलं. इतके दिवस आम्ही दोघी शिवी आली की मान फिरवत होतो, म्हणून शिवीनंतरचं त्यांचं तोंड आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. बाबांनी डोळे घट्ट मिटले होते. नाक आक्रसलं होतं, खालचा ओठ उलटा पडला होता, आणि डावा हात उचलून ते तोंड पुसत होते, पुन्हा पुन्हा, जोराने, जणू तोंडावर काही घाण लागली आहे आणि ती निघत नाही. भाजीत अळी सापडल्यावर माणूस करतो ते तोंड. आई जवळ गेली, तिने त्यांचा हात धरला आणि हळूच म्हणाली, ‘तेंका सोताकच किळस येता.’

‘हो,’ तुम्ही म्हणालात. ‘त्यांचं बोलणं ते. शिवी नाही.’

मग तुम्ही बरणी पिशवीत घातलीत आणि गेलात. चहा अर्धाच प्यायलात.

अवसेला काका त्या माणसाला घेऊन आले. त्याने स्टोव्हकडे पाहिलं, पिशवीतून सळई काढली. आई उंबऱ्यावर उभी राहिली. एवढीशी बाई, हातात भाकरीचं पीठ लागलेलं. ‘भावजी, तेका घेवन भायर जावा,’ ती म्हणाली. काका म्हणाले, ‘वयनी, माका काय बरां वाटता काय? माझो भाव तो.’ आई म्हणाली, ‘तुमचो भाव असा म्हणानच सांगतंय. तेंच्या जिभेक हात लावश्यात तर मी चाळ जमा करीन.’ तो माणूस काहीतरी पुटपुटला, बाधा वाढेल वगैरे. आतून बाबांची शिवी ऐकू आली, खणखणीत. आई वळून म्हणाली, ‘होय, सांगतंय तेका ताच.’ आणि बाई, काका हसले. रडता रडता हसले, सळईवाल्याला जिन्यापर्यंत पोचवून परत आले आणि भावाच्या पायाशी बसून राहिले.

यापुढे सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. बाबा आणखी काही वर्षं जगले. ‘हां’ आणि ‘गो’ एवढे दोन शब्द आणखी आले, बाकी शिवीच. आई तिच्या सुरावरून ओळखायला शिकली, पाण्याची शिवी वेगळी, दुखण्याची वेगळी. लाळ गेली नाही, बेडपॅन गेला नाही, पाठीला जखमा झाल्या आणि त्यांचा वास अख्ख्या घराला लागला. आईला शेवटपर्यंत उमासे यायचे. पण ती भिंतीकडे तोंड करायची थांबली. उमासा आला की त्यांच्याकडे बघतच द्यायची आणि तेही तिच्याकडे बघत तोंड वेडंवाकडं करायचे. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर त्याला दोघांचीही किळस आली असती.

तुमचं मेंदूचं प्रॅक्टिकल त्याच वर्षी बंद पडलं. विद्येच्या जागी मटणाच्या दुकानातलं डोकं आणलं म्हणून पालकांनी तक्रार केली. प्राचार्यांनी तुम्हाला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलावून सुनावलं म्हणे. नंतर प्रयोगशाळेत एक रंगीत तक्ता आला, त्यात मेंदू गुलाबी, स्वच्छ, प्रत्येक भागाला वेगळा रंग, बाणाच्या टोकाला नावं. कुठे थेंब नाही, पापणी नाही. मला तो तक्ता बघवत नसे. मी बारावीनंतर सायन्स सोडलं, बँकेत लागले, तिथेच निवृत्त झाले. तुम्ही गेल्याचं मला एका जुन्या मैत्रिणीने माझ्या काउंटरपाशी उभं राहून सांगितलं, आणि मी तिला विचारलं, ‘काय झालं होतं?’ ती म्हणाली, ‘माहीत नाही गं, एकट्याच होत्या ना.’ मला त्या वाक्याची किळस आली. मागे रांग होती. मी पुढचा टोकन नंबर पुकारला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. लिहून झालं की फाडेन. एवढं एक मात्र सांगते. माझ्या चुलत बहिणीची मुलगी आता मेंदूची डॉक्टर आहे. परवा जेवताना मी तिला बाबांचं सांगितलं तर ती उत्साहाने म्हणाली, ‘मावशी, ते एवढं सोपं नसतं गं. थांब, स्कॅन दाखवते, शिव्यांच्या वेळी नक्की काय होतं ते.’ तिने मोबाइल काढला. तुम्ही असता तर चष्मा सावरून पुढे वाकल्या असतात. मी म्हटलं, ‘राहू दे गं, जेवताना नको.’ जेवण केव्हाच संपलं होतं. मला बघायचं नव्हतं. त्या रविवारी तुम्ही जे सांगितलंत त्यात काही चूक निघाली तर मला ती नको आहे.